आधी व्होल्टेजचं बजेट, मग गिगाहर्ट्झ: मुंबईच्या उकाड्यात प्रोसेसर ओव्हरक्लॉक करताना

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने पळवणं. त्याबद्दल मला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न एकच, "५ गिगाहर्ट्झला किती व्होल्ट देऊ?" आणि माझं उत्तरही ठरलेलं, की प्रश्नच उलटा आहे. भाड्याने खोली शोधताना आपण आधी काय ठरवतो, महिन्याला किती झेपेल ते, आणि मग त्या पैशात भांडुपला वन बीएचके बसतंय का परळला वन आरके बसतंय ते बघतो. "मला दादरलाच टू बीएचके पाहिजे, पैशांचं नंतर बघू" म्हणून निघालं की पुढचं सगळं उसनवारीवर. प्रोसेसरचं तसंच आहे, व्होल्टेज किती द्यायचं ते आधी ठरवा, तो आकडा भिंतीवर लिहून ठेवा आणि मग त्यात किती गिगाहर्ट्झ बसतात ते बघा.

विक्रोळीचा माझा एक मित्र आहे, लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. त्याने जानेवारीत रात्री बसून कुठल्यातरी व्हिडिओतले आकडे जसेच्या तसे बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, टाकले, १.४२ व्होल्ट फिक्स, दहा मिनिटं टेस्ट चालली, खूश. एप्रिल उजाडला तसं रेंडर अर्ध्यात बंद पडायला लागलं. मग त्याने व्होल्टेज अजून थोडं वाढवलं, महिनाभर चाललं, मग परत तेच. काका एकदा कॅबिनेटवर हात ठेवून म्हणाले, "अरे हा कॉम्प्युटर आहे का गिझर?" शेवटी तो चिप आधी ज्या वेगाला आरामात चालायचा त्याच वेगाला जास्त व्होल्टेज मागायला लागला. तो एका झटक्यात मेला नाही, हळूहळू झिजला. व्होल्टेजचं नुकसान बहुतेक वेळा असंच दिसतं, धूर वगैरे काही येत नाही, म्हणून लोकांना वाटतं की काही झालंच नाही.

व्होल्टेजने नक्की बिघडतं काय

प्रोसेसर खातो ती वीज ढोबळमानाने व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या प्रमाणात वाढते. वर्ग, हा शब्द लक्षात ठेवा. समजा १.२० व्होल्टवर ४.५ गिगाहर्ट्झ चालू होतं आणि तुम्ही ते १.३५ व्होल्टवर ५ गिगाहर्ट्झ केलंत, तर वेग वाढला ११ टक्के, व्होल्टेज साडेबारा टक्के आणि वीज जवळजवळ ४० टक्के. वर चिप गरम झाला की लीकेज वाढतं, म्हणजे काही काम न करता वाहून जाणारा करंट, आणि त्याने अजून गरम. ही सगळी उष्णता नखाएवढ्या सिलिकॉनमधून बाहेर काढायचीय.

झीज होते ती दोन-तीन प्रकारे. आतल्या अतिबारीक तारांमधले धातूचे अणू जास्त करंट आणि जास्त उष्णतेने हळूहळू सरकतात, त्याला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात. ट्रान्झिस्टरमधला इन्सुलेशनचा थर जास्त व्होल्टेजने कमजोर होत जातो, आणि ट्रान्झिस्टर चालू व्हायला लागणारं व्होल्टेजही वर सरकतं. तिन्हींचा अर्थ एकच, त्याच वेगाला उद्या जास्त व्होल्ट लागणार. आणि यात व्होल्टेज, करंट आणि तापमान हे तिघं मिळून काम करतात, एकटा आकडा बघून काही कळत नाही. रायझन ५००० मालिकेचा प्रोसेसर हलक्या कामात एकाच कोअरवर १.४५ व्होल्ट दाखवतो ते नॉर्मल आहे, कारण तेव्हा करंट कमी असतो आणि काही क्षणांचं काम असतं. तेच १.४५ तुम्ही बायोसमध्ये फिक्स करून सगळ्या कोअरवर तासन् तास रेंडर लावलंत तर त्याच चिपची वाट लागते.

सुरू करण्याआधी

पहिलं म्हणजे तुमच्या मशीनवर हे होतं का ते बघा. इंटेलमध्ये नावात शेवटी के किंवा केएफ असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेचा बोर्ड लागतो, बी ६६० वगैरेवर मल्टिप्लायर, म्हणजे ज्या आकड्याने प्रोसेसरचा वेग ठरतो तो, हलत नाही. एएमडीमध्ये बहुतेक रायझन उघडे आहेत पण बोर्ड बी किंवा एक्स मालिकेचा हवा, ए ५२० वर होत नाही, आणि ५८००एक्स३डी या प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग कंपनीनेच बंद ठेवलंय. लॅमिंग्टन रोडला सेकंडहँड बोर्ड घ्यायला जात असाल तर मॉडेल नंबर नीट वाचून घ्या, ग्रँट रोड स्टेशनपर्यंत परत आल्यावर कळून उपयोग नाही. आणि वॉरंटीचं आधीच मनाशी ठरवा, ओव्हरक्लॉकने झालेलं नुकसान दोन्ही कंपन्यांच्या वॉरंटीत धरलं जात नाही.

मग साफसफाई. आपल्याकडे धूळ आणि दमट हवा दोन्ही आहे, त्यामुळे हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीचा नुसता थर नसतो, चिकट लोणी बसतं. समुद्राजवळ राहत असाल तर खारी हवा स्क्रू आणि पातळ पत्रे गंजवते ते वेगळंच. कूलर उतरवा, ब्रशने साफ करा, जुनी थर्मल पेस्ट पुसून नवीन लावा. वाळलेल्या पेस्टवर ओव्हरक्लॉक करणं म्हणजे पंक्चर टायरने घाट चढणं.

प्रोसेसरसोबत डब्यात आलेल्या छोट्या पंख्यावर हे करू नका, निदान टॉवर कूलर तरी हवा. बोर्डावर सॉकेटच्या बाजूला व्हीआरएमवर, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या चिपांवर, हीटसिंक आहे का तेही बघा. नसेल तर हा लेख वाचा पण मल्टिप्लायरला हात लावू नका. एसएमपीएस बरा ब्रँडेड असावा, आणि यूपीएस असेल तर त्याची क्षमता किती वॅटची आहे ते बघून ठेवा, कारण ओव्हरक्लॉक केल्यावर फुल लोडला तो ओव्हरलोड होऊन टूं टूं करायला लागतो आणि लोक समजतात ओव्हरक्लॉक फेल गेला.

बायोस नवीनतम करून घ्या. हे नेहमीचं "अपडेट करा" प्रकरण नाहीये. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीत २०२४ साली जे प्रकरण झालं ते व्होल्टेजचंच होतं, मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतला छोटा प्रोग्राम, चुकीचं जास्त व्होल्टेज मागत होता आणि चिप झिजून अस्थिर होत होते, ऑगस्ट २०२४ च्या ०एक्स१२९ मायक्रोकोडने १.५५ व्होल्टच्या वरची मागणी अडवली, नंतर अजून सुधारणा आल्या आणि इंटेलने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. त्याच्या आदल्या वर्षी २०२३ मध्ये एएमडीच्या ७०००एक्स३डी मालिकेचे काही प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाले, तेव्हा नवीन बायोसमधून एसओसी व्होल्टेजला, म्हणजे प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलर वगैरे भागाच्या व्होल्टेजला, १.३० ची मर्यादा घातली गेली. म्हणजे दोन्हीकडे ग्राहकाने व्होल्टेजला हात न लावता ते ऑटोवर ठेवूनही जास्त व्होल्टेज जात होतं. "ऑटो म्हणजे सेफ" हे डोक्यातून काढून टाका. ऑटोचा हेतू एवढाच असतो की मशीन चालू राहिलं पाहिजे, त्यामुळे तुम्ही मल्टिप्लायर वाढवला की तो गरजेपेक्षा जास्तच व्होल्ट ओततो.

मोजायचं काय आणि कुठे

एचडब्ल्यूइन्फो हे व्होल्टेज आणि तापमान दाखवणारं टूल डाउनलोड करा, फक्त सेन्सर्सवाला पर्याय निवडून उघडा. त्यात व्हीआयडी आणि व्हीकोअर असे दोन आकडे दिसतात आणि नव्वद टक्के गोंधळ इथेच होतो. व्हीआयडी म्हणजे प्रोसेसरने मागितलेलं व्होल्टेज, व्हीकोअर म्हणजे बोर्डाने प्रत्यक्ष दिलेलं. आपल्याला व्हीकोअर बघायचंय, तेही फुल लोड चालू असताना. रायझन ३००० आणि ५००० वर एसव्हीआय२ टीएफएन लिहिलेली ओळ बघा. काही बोर्डांवर सेन्सर प्रोसेसरच्या अलीकडे असतो, तिथे दाखवलेला आकडा खऱ्यापेक्षा थोडा जास्त असतो, हे माहीत असू द्या.

आता काही न बदलता, सगळं डीफॉल्टवर ठेवून सिनेबेंच आर२३, म्हणजे प्रोसेसरला फुल लोड देऊन स्कोअर सांगणारी टेस्ट, अर्धा तास चालवा आणि वहीत लिहा: खोलीचं तापमान, प्रोसेसरचं कमाल तापमान, लोडवरचं व्हीकोअर, वॅट, आणि स्कोअर. वहीतच लिहा, कारण पुढे मशीन दहा वेळा बंद पडणार आहे आणि तुमची नोटपॅड फाइल त्यातच असणार आहे.

खोलीचं तापमान का, तर बाकी सगळं तेच असेल तर खोली जितकी तापते साधारण तितकाच प्रोसेसरही वर जातो. आमच्या खोलीला पश्चिमेची खिडकी आहे, जानेवारीत रात्री २२-२३ डिग्री असतं आणि मे महिन्यात दुपारी तीनला ३४. म्हणजे जानेवारीत ८४ दाखवणारा प्रोसेसर मे महिन्यात ९५ ला जाऊन आपटणार. म्हणून टेस्ट एसी बंद करून, दुपारी, खिडकी जशी रोज असते तशी ठेवून करायची. एसी लावून टेस्ट पास केलीत आणि नंतर एसी बिघडला तर काय करणार? ऑक्टोबर हीटही विसरू नका, लोक उन्हाळा म्हणजे फक्त मे धरतात.

बजेट ठरवूया

हे आकडे लोडवरच्या व्हीकोअरचे आहेत, बायोसमध्ये टाकायचे नाहीत, दोन्हीत फरक पडतो तो पुढे सांगतो. चांगला टॉवर कूलर आहे आणि मशीन चार-पाच वर्षं वापरायचंय असं धरून माझ्या हिशोबाने असं:

इंटेलच्या ८व्या ते १०व्या पिढीला, म्हणजे ती १४ नॅनोमीटरवाली मंडळी, १.३० ते १.३५ आरामात, १.४० च्या वर रोजच्या वापराला नको. १२व्या पिढीला १.२५ ते १.३०, आणि १.३५ ही लक्ष्मणरेषा. १३व्या-१४व्या पिढीला माझा सल्ला असा की वर नेऊच नका, बायोस अपडेट करा, इंटेलच्या डीफॉल्ट पॉवर मर्यादा चालू ठेवा आणि जमलं तर व्होल्टेज कमी करा. रायझन ३००० आणि ५००० ला सगळ्या कोअरवर फिक्स द्यायचं असेल तर १.२५ ते १.३० च्या आत. रायझन ७००० आणि पुढच्यांना फिक्स व्होल्टेज देण्यात मला काही अर्थ दिसत नाही, त्यांची वेगळी पद्धत आहे ती खाली येतेच.

डेटाशीट उघडून कोणीतरी म्हणेल की इंटेलने १.५२ व्होल्ट लिहिलंय, नव्या पिढ्यांना तर १.७२. ते आकडे खरे आहेत, पण व्होल्टेज मागायची जी पट्टी आहे तिचं ते वरचं टोक आहे, तिथे रोज राहायला बोलावलेलं नाही. गाडीच्या मीटरवर २२० लिहिलेलं असतं म्हणून ईस्टर्न फ्रीवेवर कोणी २२० ने जात नाही.

तापमानाची मर्यादा मी ८५ डिग्री ठेवतो, मे महिन्याच्या दुपारी, सिनेबेंचवर. इंटेलच्या बहुतेक के प्रोसेसरची शेवटची मर्यादा १०० आणि रायझनची ९० ते ९५ असते, तिथे पोचल्यावर तो स्वतःच वेग कमी करतो. व्होल्टेज आणि तापमान यातलं जे आधी गाठलं जाईल तिथे थांबायचं. मुंबईत एअर कूलरवर बहुतेक वेळा तापमानच आधी गाठलं जातं, व्होल्टेजचं बजेट शिल्लक राहतं. राहू द्या, खर्चच केलं पाहिजे असं नाही.

बायोसमध्ये हात घालताना

उदाहरण माझ्याच मशीनचं देतो, आय५ १२६००के, सहा पी कोअर (जड कामाचे, वेगवान) आणि चार ई कोअर (कमी विजेवर चालणारे). ई कोअर जसे आहेत तसे सोडा, त्यातून फार मिळत नाही. रॅमचं एक्सएमपी, म्हणजे तिला जास्त वेगाने चालवणारं तयार प्रोफाइल, पहिल्या दिवशी बंद ठेवा, नाहीतर मशीन बंद पडलं तर रॅममुळे का प्रोसेसरमुळे ते कळणार नाही आणि तुम्ही भलतीकडे शोधत बसाल. मल्टिकोअर एन्हान्समेंट किंवा तसल्या नावाचा जो पर्याय असतो तो बंद करा, बोर्ड कंपनीने तुमच्या वतीने केलेला ओव्हरक्लॉक आहे तो.

व्होल्टेजचे मोड साधारण चार असतात. ऑटो, ज्याच्याबद्दल वर बोललो. मॅन्युअल किंवा ओव्हरराइड, म्हणजे तुम्ही सांगाल तो आकडा फिक्स. ऑफसेट, म्हणजे प्रोसेसर जे मागेल त्यात इतके कमी किंवा जास्त. आणि अडॅप्टिव्ह, म्हणजे वरच्या वेगाला तुमचा आकडा आणि खाली नेहमीसारखं. शोधाशोध करताना ओव्हरराइड वापरा कारण एकच आकडा हलतो, सगळं जमल्यावर अडॅप्टिव्ह किंवा ऑफसेटवर जा.

आकडा टाईप करताना १.२५ च्या जागी १.५२ पडलं तर बोर्ड बहुतेक वेळा निमूटपणे देतो, फार तर अक्षरं लाल करतो. ऑफसेटमध्ये अधिक आणि उणे यासाठी वेगळी ओळ असते, तिथे उणे निवडायला विसरून ०.१०० टाकलं की कमी करायला गेलात आणि वाढवून आलात. एफ१० दाबल्यावर बदलांची यादी दिसते ती वाचल्याशिवाय एंटर नाही. मी आजही बोटाने ओळ धरून वाचतो, पोरं हसतात, हसू देत.

लोडलाइन नावाची भानगड

बायोसमध्ये १.३० टाकलं आणि विंडोजमध्ये फुल लोडला १.२२ दिसतंय, म्हणजे बोर्ड खराब? नाही. लोड आला की व्होल्टेज थोडं खाली बसतं, ते मुद्दाम तसं बनवलेलं असतं. हिशोब सोपा आहे, लोडलाइन १.१ मिलिओहमची असेल आणि प्रोसेसर १०० अँपियर खेचत असेल तर ११० मिलिव्होल्ट खाली. १२५ वॅट भागिले १.२५ व्होल्ट म्हणजे १०० अँपियर, तेव्हा हा काही टोकाचा आकडा नाही.

हे बसणं कमी करणारा पर्याय म्हणजे लोडलाइन कॅलिब्रेशन, एलएलसी. लोकांना वाटतं बसणं म्हणजे वाईट, मग ते एलएलसी सगळ्यात कडक करतात, म्हणजे बायोसमधला आकडा आणि लोडचा आकडा एकदम सारखा. दिसायला छान. पण लोड अचानक सुटतो, रेंडर संपलं, गेममध्ये लोडिंग स्क्रीन आली, तेव्हा अँपियर एकदम कमी होतात आणि व्होल्टेज क्षणभर वर उसळी मारतं. एलएलसी जितकं कडक तितकी ही उसळी ठरवलेल्या आकड्याच्या वर जाते, आणि ती इतक्या कमी वेळाची असते की एचडब्ल्यूइन्फोला दिसतच नाही. गाडी रिकामी झाल्यावर स्प्रिंग वर येते ना, तसंच. स्प्रिंगच काढून टाकली तर धक्का सरळ कमरेला.

म्हणून मधलं घ्या. आणि इथे एक फसवणूक आहे, असूसमध्ये लेव्हलचा आकडा जितका मोठा तितकं एलएलसी कडक, तर एमएसआयमध्ये मोड १ सगळ्यात कडक आणि एएसरॉकमध्येही लेव्हल १ सगळ्यात कडक. गिगाबाइटमध्ये लो, मीडियम, हाय, टर्बो अशी नावं असतात. दुसऱ्याच्या बोर्डाचा "लेव्हल ४" स्वतःच्या बोर्डावर टाकू नका. बायोसमध्ये बाजूला बहुतेक वेळा छोटा आलेख दिसतो, तो बघून मधली रेघ निवडा. फुल लोडला बायोसच्या आकड्यापेक्षा ४० ते ६० मिलिव्होल्ट खाली बसलं की मी समाधानी असतो.

आता खरा खेळ

बजेट ठरलं, लोडवर १.२७. बायोसमध्ये १.३२ टाकलं, एलएलसी मधलं, पी कोअरचा मल्टिप्लायर ४७. बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झ असतो, म्हणून ४७ म्हणजे ४.७ गिगाहर्ट्झ. बेस क्लॉकला हात लावू नका. सेव्ह, रिस्टार्ट, विंडोज, एचडब्ल्यूइन्फो, सिनेबेंच दहा मिनिटं. लोडचं व्हीकोअर खरंच १.२७ च्या आसपास आहे का ते आधी बघा, तापमान नंतर. पास झालं, मल्टिप्लायर ४८. पास, ४९. पास, ५०. प्रत्येक वेळी एकच पायरी आणि प्रत्येक वेळी वहीत एक ओळ. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर सगळं परत पहिल्यापासून.

कधीतरी फेल जाणारच. माझा ५१ ला गेला, ब्लू स्क्रीन, क्लॉक वॉचडॉग टाइमआउट. इथेच माणसाची परीक्षा आहे, कारण हात आपोआप व्होल्टेजकडे जातो, "फक्त थोडंसं". विक्रोळीवाला इथेच घसरला. बजेट संपलंय, एक पायरी खाली या.

मी हौस म्हणून एकदा ५१ ला काय लागतं ते बघितलं, लोडवर १.३४. तर ४.९ ला लागत होतं १.२२५. म्हणजे ४ टक्के वेगासाठी २५ टक्के जास्त वीज. प्रत्येक चिपची अशी एक जागा असते जिथून पुढे चढण एकदम उभी होते, ती सापडली की तिच्या अलीकडे राहायचं. मी ४.९ वर थांबलो, ५.० पण नाही. लोकांना सांगताना ५ भारी वाटतं एवढंच, रेंडरला जेमतेम फरक पडतो.

आता वेग तोच ठेवून व्होल्टेज १० मिलिव्होल्टने खाली खाली आणा, फेल जाईपर्यंत. फेल गेलं की जिथे शेवटचं पास झालं तो आकडा आणि वर २० ते २५ मिलिव्होल्ट. हा वरचा थर मे महिन्यासाठी, पुढच्या दोन-तीन वर्षांच्या झिजेसाठी आणि कॅबिनेटमध्ये परत साचणाऱ्या धुळीसाठी.

मशीन चालूच झालं नाही, पंखे फिरतायत आणि स्क्रीन काळी, तर घाबरू नका. स्विच बंद करून केबल काढा, बोर्डावर क्लिअर सीमॉसच्या दोन पिना असतात त्या स्क्रू ड्रायव्हरने काही सेकंद जोडा, किंवा तो गोल सीआर २०३२ सेल पाच मिनिटं काढून परत लावा. सगळं डीफॉल्टला येतं. कमी व्होल्टेजने बूट न होणं यात चिपला काही इजा नसते.

पास म्हणजे किती पास

दहा मिनिटं सिनेबेंच ही फक्त तोंडओळख. शेवटच्या सेटिंगवर मी हे करतो: सिनेबेंच अर्धा तास, मग ओसीसीटी किंवा वाय-क्रंचर एक तास, आणि मग तुमचं स्वतःचं खरं काम, रेंडर असेल तर रेंडर, गेम असेल तर तीन तास गेम. प्राइम९५ च्या स्मॉल एफएफटी या टेस्टबद्दल लोकांची श्रद्धा फार आहे, पण एव्हीएक्स (प्रोसेसरच्या जड गणिताच्या खास सूचना) चालू ठेवून तो इतकी वीज खेचतो की मुंबईच्या दुपारी एअर कूलरवर तापमान सरळ मर्यादेला जातं आणि तुम्ही ज्या कामासाठी मशीन घेतलंय ते काम तेवढं कधीच करत नाही. चालवायचाच तर एव्हीएक्स बंद करून, समोर बसून. रात्री लावून झोपायचं नाही.

मशीन बंद पडलं नाही म्हणजे पास, असंही नाही. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये जाऊन डब्ल्यूएचईए-लॉगर नावाच्या नोंदी शोधा. प्रोसेसरने एखादी चूक स्वतःच पकडून दुरुस्त केली तरी तिथे नोंद होते, मशीन हसत हसत चालू असतं आणि आत गडबड. अशी एक जरी नोंद टेस्टच्या वेळेची दिसली तरी फेल, एक पायरी खाली. दुसरी खूण स्कोअरची. व्होल्टेज कमी पडलं तर काही प्रोसेसर, विशेषतः रायझन, वेग तोच दाखवतात पण आतून दम खातात आणि स्कोअर घसरतो. म्हणून गिगाहर्ट्झ बघून खूश होऊ नका, वहीतला आधीचा स्कोअर काढा.

व्हीआरएमचं तापमान एचडब्ल्यूइन्फोमध्ये दिसत असेल तर तेही ९०-९५ च्या आत ठेवा. दिसत नसेल तर कॅबिनेटच्या मागच्या बाजूला वर एक पंखा लावा, तो दोघांना उपयोगी पडतो.

सगळं झालं की ओव्हरराइडवरून अडॅप्टिव्हवर या आणि तोच आकडा टाका, मग परत एकदा अर्धा तास टेस्ट, कारण मोड बदलला की लोडचं व्हीकोअर थोडं हलतं. अडॅप्टिव्हमध्ये प्रोसेसरच्या स्वतःच्या मागणीपेक्षा खालचा आकडा टाकलात तर तो बहुतेक वेळा मानत नाही, तेव्हा उणे ऑफसेट वापरावा लागतो. मग एक्सएमपी चालू करा आणि रॅमची टेस्ट वेगळी करा. एक्सएमपी लावल्यावर बोर्ड इतर व्होल्टेजही गुपचूप वाढवतो, इंटेलमध्ये सिस्टम एजंट, रायझनमध्ये एसओसी, ते ऑटोवर कुठे गेलं ते बघा. एएम४ बोर्डावर (रायझन ५००० पर्यंतचं सॉकेट) एसओसी १.१० च्या आसपास पुरतं, १.२० च्या वर मी जात नाही, आणि एएम५ वर (रायझन ७००० पासूनचं) १.३० ची मर्यादा वर सांगितलीच.

रायझनवाल्यांसाठी

रायझन ५००० पासून पुढे सगळ्या कोअरना एकच वेग आणि एकच व्होल्टेज देणं तोट्याचं काम आहे, कारण हलक्या कामात एकट्या कोअरला आपोआप मिळणारा जास्तीचा वेग, म्हणजे बूस्ट, जातो. त्याऐवजी प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्हमध्ये जाऊन कर्व्ह ऑप्टिमायझर वापरा. त्यात उणे १० टाकलं तर प्रत्येक आकड्यामागे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट कमी होतात, आणि वाचलेल्या उष्णतेत प्रोसेसर स्वतःच वर चढतो. म्हणजे व्होल्टेज कमी करून वेग वाढवायचा, आपल्या उकाड्याला हेच औषध. सगळ्या कोअरना उणे १० पासून सुरू करा, मग १५, मग २०. इथे फेल फुल लोडला जात नाही, एकटा कोअर वर उडतो तेव्हा जातो, मशीन नुसतं पडून असताना अचानक रिस्टार्ट होतं. म्हणून कोअरसायकलर नावाचं फुकट टूल रात्रभर चालवा, ते एकेक कोअर पाळीपाळीने तपासतं आणि एव्हीएक्स नसलेल्या टेस्टला त्यात फारशी उष्णताही नसते, हे मात्र रात्री लावून झोपलं तरी चालतं. जो कोअर फेल जाईल त्याचाच आकडा पाचने शून्याकडे आणा, म्हणजे उणे २० चं उणे १५. बहुतेक वेळा कंपनीने जे कोअर सगळ्यात चांगले म्हणून निवडलेत तेच आधी कुरकुर करतात, कारण त्यांना आधीच कमी व्होल्टेजवर पळवलेलं असतं.

पीपीटी, टीडीसी, ईडीसी या मर्यादा (एकूण वॅट, सतत खेचायचे अँपियर आणि क्षणभर खेचायचे अँपियर) मोकळ्या सोडू नका. ५६००एक्सच्या मुळातल्या मर्यादा ७६ वॅट, ६० आणि ९० अँपियर अशा आहेत, थोड्या वाढवा, पण बोर्डाची पूर्ण मर्यादा देऊन टाकली तर खोली तापते आणि स्कोअर जेमतेम हलतो.

लाईट बिलाचंही सांगून टाकतो कारण घरात विचारतातच. ओव्हरक्लॉकने ६० वॅट वाढले आणि रोज पाच तास रेंडर असेल तर महिन्याला ९ युनिट. बिल फार वाढत नाही, पण ते ६० वॅट खोलीत उष्णता म्हणूनच बाहेर पडतात, आणि दहा बाय बाराच्या खोलीत मे महिन्यात तेही जाणवतं.

नंतर वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि ऑक्टोबरमध्ये, तीच अर्ध्या तासाची टेस्ट परत करायची आणि वहीतल्या आकड्यांशी ताडून बघायची. तापमान वाढलंय पण फेल नाही, तर धूळ किंवा पेस्ट. तापमान तेच आहे आणि तरी डब्ल्यूएचईएच्या नोंदी यायला लागल्या, तर चिप झिजायला लागलाय, तेव्हा व्होल्टेज वाढवायचं नाही, मल्टिप्लायर एकने खाली आणायचा. आणि बायोस अपडेट केला की तुमचं सेव्ह केलेलं प्रोफाइल बहुतेक वेळा उडतं किंवा नवीन बायोस ते उचलत नाही, म्हणून सगळं जमलं त्या दिवशी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, एलएलसीचं पान धरून, कारण नेमकं तेच राहून जातं.